जिभेखालची गोळी

पाठदुखीसाठी घेतलेल्या अफूच्या जातीच्या गोळ्या मुकादमाला कधी सुटेनाशा झाल्या, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. व्यसन सुटावं म्हणून डॉक्टरांनी रोज जिभेखाली विरघळवायची दुसरी गोळी दिली. तरी दुपारी अंग मोडून यायचं आणि जुन्या गोळ्यांसाठी जीव कासावीस व्हायचा.

"या औषधात दम नाही. बंद करतो," तो वैतागून बायकोला म्हणाला.

"घेता कुठं?"

"कामावर, स्लॅबवर उभा राहून."

"आणि ती विरघळेपर्यंत माणसांवर ओरडत नाही?"

मुकादम ओशाळला. ओरडता ओरडता तो ती गिळूनच टाकत होता. गिळली तर उपयोग नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं.

दुसऱ्या सकाळी बायकोने त्याला घरीच गोळी दिली. तोंड मिटून तो धुमसत बसला. तिने मात्र इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं सावकाश ऐकवलं.