पाच तुकड्यांची कॅसेट

सोनवणे साहेबांनी काउंटरवर पिशवी उपडी केली. आतून कॅसेट नाही, तपकिरी टेपचा गुंताच पडला.

"जुळेल का?"

"उंदरानं कुरतडली काय?"

"नाही. मी ओढली."

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. रविवार कारंज्याजवळ माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं आणि रेकॉर्डिंगचं दुकान होतं. सोनवणे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. मुलगा मिलिंद बारावीला असताना एका मित्राच्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या भावानं त्याला एका अमेरिकन हेवी मेटल बँडची कॅसेट आणून दिली होती. हेवी मेटल म्हणजे करवतीसारखी गिटार, धडाधडा ड्रम आणि जिवाच्या आकांतानं गाणारा माणूस. प्रिलिमचे मार्क आले आणि साहेबांनी कॅसेटमधली सगळी टेप उपसून काढली. नंतर मिलिंद पुण्याला कॉलेजात गेला. पत्रं यायची, पण फक्त आईच्या नावानं. आता येत्या रविवारी तो पहिल्यांदाच सुट्टीला येणार होता.

"नवी मिळाली तर बघा," साहेब म्हणाले.

मी मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, या बँडचा तिसरा अल्बम कधीमधी येतो. हा दुसरा. आपल्याकडे निघालेलाच नाही.

"तिसरा चालेल?" मी विचारलं.

"नको. त्याची हीच होती."

मग जोडण्याशिवाय इलाज नव्हता. टेप चार ठिकाणी तुटली होती, म्हणजे पाच तुकडे. दोन टोकांचे तुकडे गुंत्यातल्या दोन चक्र्यांना अडकलेले होते, त्यांची अडचण नव्हती. मधल्या तिघांचा क्रम कळेना. त्यात एकाच पट्टीवर कॅसेटच्या दोन्ही बाजू असतात. तुकडा उलटा जोडला, तर एका बाजूचं गाणं दुसऱ्या बाजूत घुसतं.

मी सुरकुत्या काचेच्या बाटलीवरून हळूहळू सरळ केल्या. एकेक तुकडा स्क्रूनं उघडणाऱ्या रिकाम्या कॅसेटमध्ये भरला.

"साहेब, मला यातलं काही कळत नाही. कुठला आधी, कुठला नंतर, हे मिलिंदच सांगू शकेल."

"लावा तर खरं."

मी पहिला लावला. दुकान हादरलं. साहेब मान खाली घालून ऐकत राहिले.

"हे शेवटून दुसरं गाणं. आता ड्रम थांबेल."

ड्रम थांबला.

"आता तो एकटाच ओरडेल."

तो ओरडला. मी टेप बंद केली.

"तुम्हाला तर हे आवडत नव्हतं!"

"नाहीच आवडत. पण वर्षभर भिंतीपलीकडं वाजत होतं. शिफ्टवरून आलो आणि हे कानावर पडलं, की पोरगं घरात हाय, एवढं कळायचं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आता घर लय शांत असतं."

मी पुढचा तुकडा लावला.

तिन्ही तुकडे त्यांनी ओळखले. एक उलटा होता, तोही त्यांनीच पकडला. टोकं ब्लेडनं तिरकी कापायची, एकमेकांना भिडवायची आणि मागच्या बाजूनं बारीक चिकटपट्टी लावायची. शेवटचा जोड त्यांनी स्वतः लावला. फिटरचा हात, तसूभर हलला नाही. एका ठिकाणी दोनेक इंच टेप पार चुरगळली होती.

"हे कापावं लागेल. सेकंदभर गाणं जाईल."

"तेवढं गेलं ते त्याला कळेल," ते म्हणाले. "पण कापा."

सोमवारी एक उंच, किडकिडीत पोरगा दुकानात आला. मी न विचारताच ओळखलं. नाक बापाचंच होतं.

"काका, टेप तुम्ही जोडलीत? आई म्हणाली."

"जोडली मी. क्रम तुझ्या वडिलांनी लावला."

"बाबांनी? त्यांना काय माहीत?"

"सगळं. कुठे ड्रम थांबतो, कुठे तो माणूस ओरडतो, सगळं पाठ आहे त्यांना."

तो शोकेसमधल्या कॅसेटींकडे वळला.

"मला वाटलं, तुम्हीच केलंत," तो म्हणाला. "काल मी त्यांच्याशी धड बोललोसुद्धा नाही." मग त्यानं विचारलं, "आत्ता किती वाजले?"

"साडेचार."

"त्यांची कारखान्याची बस पाचला येते. स्टॉपवर जातो."

आणि तो पळालाच.

त्या दिवसापासून मी एक पाळत आलो. गिऱ्हाईक म्हणालं, की हे गाणं मला आवडत नाही, तरी त्याला एकदा ऐकवून विचारायचं. माहिती त्याच्याकडेच असू शकते.