राघोत्तमरावांचा शब्द

राघोत्तमरावांना थाप मारणं सोपं नव्हतं. दारू सोडायला आलेली माणसं ज्या ज्या थापा मारतात, त्या सगळ्या त्यांच्या स्वतःच्या कधीच मारून झाल्या होत्या. पोट बिघडलं होतं म्हणून घेतली, कोणीतरी सरबतात मिसळली, माझ्या तोंडाला नाही हो, दुसऱ्याची अंगावर सांडली त्याचा वास आहे. बंदराच्या कचेरीत कारकून असताना साहेबांना आणि घरी कनकाला त्यांनी हे वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. साहेबांनी शेवटी नोकरीवरून काढलं. कनकाने काढलं नाही, पण नवरा संध्याकाळी दारात आला की श्वास आत ओढून क्षणभर थांबायची सवय तिला लागली. दारू सुटून कितीतरी वर्षं झाली तरी ती सवय काही सुटली नव्हती.

आता ते अण्णा नगरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात काम करत. औषध डॉक्टर देत, राघोत्तमराव नुसते शेजारी बसत. हात थरथरणाऱ्या माणसाला 'माझेही असेच थरथरायचे' एवढं सांगायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. ऐकायला सोपं वाटतं हे, पण माणसाला पार पिळून काढतं. रोज नवा माणूस यायचा, रोज तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायची, आणि ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं तोच महिन्याभराने झिंगत दारात उभा. त्सुनामीनंतरच्या त्या उन्हाळ्यात तर ते इतके दमले होते की कोणी रडायला लागलं तरी त्यांचं लक्ष पंख्याकडे जायचं.

शनिवारी घरच्यांसाठी एक वर्ग असे. तो राघोत्तमरावच तमिळमधून घेत. सकाळची गोळी घरच्यांनी स्वतःच्या हाताने द्यायची, गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही, हा केंद्राचा शिरस्ता. गोळी पोटात असताना दारूचा थेंब गेला तरी माणूस लालबुंद होतो, ओकतो, छाती धडधडून जिवावर बेतू शकतं. म्हणून दारूच काय, खोकल्याचं औषध, आयुर्वेदिक आसवं, अरिष्टं, काही म्हणजे काही द्यायचं नाही. हे सगळं ते न कंटाळता सांगत. निदान पूर्वी तरी सांगत.

त्या शनिवारी वर्गाला राजसबाई आल्या. दारू सोडायला आलेला त्यांचा मुलगा वेंकट शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. बाईंनी दारातच विचारलं, "चप्पल कुठं ठेवूं?" ती तंजावरी मराठी कानावर पडताच राघोत्तमरावांचा शीणच गेला. कोण, कुठले, कोणाच्या नात्यातले, सगळं निघालं. कुंभकोणमला दोन्ही घरं एकाच गल्लीतली निघाली.

"आपल्या माणसाला काय वर्गांत बसवायचं!" म्हणत त्यांनी बाईंना व्हरांड्यात नेलं, कॉफी मागवली आणि वर्ग त्या दिवशी राममूर्ती नावाच्या सहकाऱ्याकडे सोपवला. कॉफी झाली, गावच्या गप्पा झाल्या. निघताना म्हणाले, "गोळी तेवढी चुकवूं नका बाई. बाकी सगळं सरी." सरी म्हणजे ठीक.

बाईंनी गोळी एकदाही चुकवली नाही.

वेंकट मनापासून सुधारत होता. कारखान्याने त्याची जागा राखून ठेवली होती, अट एकच. राघोत्तमरावांनी 'आता हा कामाला येऊ शकतो' असं सांगायचं. त्यांनी पूर्वी ज्यांच्यासाठी शब्द टाकला ती माणसं टिकली होती, म्हणून तिथल्या अधिकाऱ्याचा त्यांच्यावर विश्वास होता. शब्द द्यायला ते सोमवारी जाणार होते आणि शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला की वेंकटला इस्पितळात नेलंय.

ते पोचले तेव्हा वेंकट खाटेवर पडला होता. चेहरा लाल, डोळे सुजलेले, ओकून ओकून घसा बसलेला. राघोत्तमरावांनी कसा आहेस म्हणून विचारलं नाही. आधी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. आंबूस वास होता.

"मी प्यालो नाहीं मामा," वेंकट म्हणाला. "सत्यमा, नाहीं."

"सरी," राघोत्तमराव म्हणाले. सत्यमा म्हणजे देवाशपथ. असल्या शपथा त्यांनीही पोत्याने घातल्या होत्या. पलीकडे राजसबाई पदराने तोंड दाबून उभ्या होत्या. राघोत्तमरावांना राग आला आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, की आपण अजून फसत नाही.

चार दिवसांनी वेंकट स्वतःच केंद्रात आला. मान खाली घालून म्हणाला, "होय मामा. प्यालो होतों."

"मला ठावकं होतं," राघोत्तमराव म्हणाले. त्यांनी कारखान्याला फोन करून सांगितलं, इतक्यात नको. अधिकारी म्हणाला, मग मला ती जागा भरावी लागेल, महिनाअखेरपर्यंत थांबतो. राघोत्तमराव म्हणाले, बघा तुम्ही.

पुढे वेंकट केंद्रात येईना, तेव्हा ते विल्लिवाक्कमला त्याच्या घरी गेले. राजसबाई वाळल्या होत्या. पोरगा बोलत नाही, जेवत नाही, नुसता गच्चीवर बसतो, असं सांगत होत्या.

"कामाला जायचं म्हणून ताकद यावी, तर तेही घेईना. एकदां दिलं, अर्धा पेला. तीच ती शुक्रवारची संध्याकाळ बघा. मग आमच्या नशिबाने तो कुठं जाऊन प्याला कीं. तेव्हांपासून बाटलीला हात लावूं देत नाहीं." आणि त्यांनी फडताळातून दशमूलारिष्टाची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

राघोत्तमरावांनी झाकण उघडलं. नाकाला लगेच ओळख पटली. गूळ आणि मुळ्यांच्या वासाखाली तो जुना वास होताच. लेबलावर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं, आतली दारू आपोआप तयार होते म्हणून. अरिष्टं देऊ नका, हे वाक्य व्हरांड्यातल्या कॉफीत राहून गेलं होतं. सकाळची गोळी आणि संध्याकाळचा पेला, बाईंनी दोन्ही एकाच मायेने पाजलं होतं.

"ही मी नेतों," ते कसंबसं म्हणाले. "कनकाचे पाय दुखतात."

"न्या की. पावम, बिचारी, तिला तरी गुण येऊं दे."

बाटली पिशवीत घालून ते गच्चीवर गेले. वेंकट टाकीच्या सावलीत बसला होता. पिशवीतून डोकावणारं झाकण त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तुला कळलं होतं?"

"घरी आल्यावर लेबल वाचलं."

"मग माझ्यापाशी येऊन प्यालो म्हणून कां बोललास? नोकरी गेली असती रे!"

अम्मा वर येत नाही ना, म्हणून वेंकटने जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी प्यालो हें दुःख अम्माला सवयीचं आहे मामा. तिनंच पाजलं हें तिला सोसायचं नाहीं. आणि खरं तर मी पहिल्यांदा बोललोंच होतों कीं. तुम्ही वास घेतलांत."

जगातल्या सगळ्या थापा आपल्याला पाठ आहेत असा राघोत्तमरावांचा समज होता. दुसऱ्याला वाचवायला स्वतःच्या अंगावर ओढून घेतलेली ही थाप मात्र त्यांनी जन्मात कधी मारली नव्हती. त्यांना लाज वाटली. तिथेच खाली बसावं आणि पुन्हा उठू नये, असंही वाटलं.

"अम्माला सांगूं नका," वेंकट म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी ते बस बदलत इरुंगाट्टुकोट्टैला गेले. पुरावा म्हणून बाटली बरोबर घेतली होती. वाटेत पुनमल्लीच्या पुढे गर्दीत कोणाचं तरी ढोपर बसलं, झाकण सैल झालं, आणि कारखान्याच्या फाटकाशी उतरले तेव्हा पिशवीच काय, शर्टाची एक बाजूही भिजली होती.

अधिकाऱ्याने बसवलं, पाणी दिलं. राघोत्तमराव घडलं ते सगळं सांगू लागले. औषधातच दारू होती, पोराने घेतली नाही, घरच्यांना सांगायचं मी विसरलो, चूक माझी. अधिकारी ऐकता ऐकता टेबलावर जरासा पुढे वाकला. तो काय करतोय हे राघोत्तमरावांना सांगावं लागलं नाही.

"औषधात होती, हे कारण मला नवीन नाही," तो म्हणाला. "असली कारणं ऐकू नका, हे तुम्हीच मला शिकवलंत. राघोत्तमराव, तुम्ही बरे आहात ना?"

"सत्यमा, सर, मी घेतलेली नाही," ते म्हणाले. आपल्या तोंडून कोणाचा शब्द निघाला, हे त्यांना ऐकू आलं. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, लेबल त्याच्याकडे वळवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने लेबल वाचलं, केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. अधिकाऱ्याने फोन ठेवला. "सोमवारी पाठवा मुलाला. पण डॉक्टरांची चिठ्ठी हवी. इथून पुढेसुद्धा, कोणासाठीही, डॉक्टरांचीच आणत चला."

म्हणजे तुमचा शब्द नको. हे त्याने बोलून दाखवलं नाही, एवढीच भलाई. राघोत्तमराव सरी म्हणाले आणि उठले.

परतताना बसमध्ये बसायला जागा मिळाली, पण डोळा लागेना. पोराची नोकरी राहिली होती. राजसबाईंना काही कळायचं कारण नव्हतं. येत्या शनिवारी वर्गात अरिष्टाचं वाक्य सगळ्यांत आधी सांगायचं, असं ते मनात घोकत राहिले. त्या पलीकडे विचार करायचं त्राण उरलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. कनकाने दार उघडलं आणि नेहमीसारखा श्वास आत ओढला. या वेळी तो तिथेच अडकला.

"औषध सांडलं अंगावर," राघोत्तमराव म्हणाले. "बसमध्ये. सत्यमा, कनका."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हातातली पिशवी घेतली आणि बाजूला सरून त्यांना आत येऊ दिलं.

"शर्ट काढा," ती म्हणाली. "भिजत घालतें, नाहीं तर डाग बसेल."

बंदराच्या कचेरीतून परत यायचे त्या दिवसांतही ती हेच म्हणायची, याच आवाजात. राघोत्तमरावांनी गुमान बटणं सोडली आणि शर्ट तिच्या हातात दिला. खरं वाटलं का, एवढं विचारायचा धीर त्यांना झाला नाही.