आप्पांची जोडगाडी

अनगोळातल्या आमच्या शेजारच्या आप्पांच्या अंगात मापाचा शर्ट कधी कुणी पाहिला नाही. अर्ध्या बाह्या कोपराच्या खाली, चप्पल टाचेच्या मागे बोटभर, आणि सातची बस असेल तर आप्पा साडेपाचलाच स्टँडवर हजर. हा गबाळेपणा नव्हता, धंद्याचा गुण होता. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. जी वस्तू लोखंडात ओतायची तिचा आधी लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून नमुना मुळातच जरा मोठा करतात, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची फूटपट्टीही नेहमीच्या पट्टीपेक्षा किंचित लांब असते. जन्मभर ती पट्टी वापरून आप्पांना सगळं जगच कधीतरी आकसणार असं वाटू लागलं होतं. मी त्याच फौंड्रीच्या ऑफिसात होतो, पंख्याखाली बसायचो, म्हणून ते मला फॅनवाला म्हणत. मी मुलगी बघायला निघालो तेव्हाही त्यांनी बजावलं, "आकसणं धरून बोल रं, फॅनवाल्या. लग्नानंतर सगळंच जरा कमी भरतंय."

त्यांचा अंदाज साफ चुकला तो त्यांच्याच बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या बाबतीत. काकूंचं माहेर निपाणीजवळचं बोरगाव. आप्पा त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून माहेरी न्यायचे. एकदा संकेश्वरला पेट्रोल भरायला थांबले. काकू उतरून पदर सारखा करत होत्या, तेवढ्यात आप्पा निघाले. एकटेच. तवंदी घाट चढेपर्यंत त्यांचं बोलणं चालू होतं. काकूंच्या भावाचं शेत, भावाचा स्वभाव, भावाच्या घरचा पाणचट चहा, सगळ्यांवर मत देऊन झालं. मागून एकही उलट उत्तर येईना, तेव्हा आज पहिल्यांदाच हिला आपलं पटतंय म्हणून गडी खूश! निपाणीत "खरं का न्हाय?" म्हणून मागे वळले, तर सीट रिकामं. धापा टाकत परत आले तेव्हा काकू पंपावरच्या बाकावर शांतपणे चहा पीत होत्या. बोलल्या एवढंच, "ह्यांच्या मागं मी परत बसायची न्हाय."

काकूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून त्या बोरगावला बसनं जाऊ लागल्या. आणि आप्पा? आप्पा बसच्या मागून मोटरसायकलवर, खिडकीत काकूंचं लुगडं दिसतंय का बघत, धूर खात. सासुरवाडीला पोचेपर्यंत जावयाचं तोंड कोळशासारखं व्हायचं. मेव्हणे हसायचे. आप्पांना त्या हसण्याचं काही नव्हतं. बायकोचा आपल्यावरचा भरवसा उडाला, हे मात्र त्यांना फार लागलं होतं. वरून कितीही थट्टा केली तरी आम्हांला ते कळत असे.

रिटायर झाल्यावर एके दिवशी त्यांनी मला अंगणात बोलावून निकाल सांगितला. "चूक माझी न्हाय, तिचीबी न्हाय. मागं बसलेलं माणूस दिसत न्हाय, ही गाडीचीच चूक. दिसंल असं बसवाय पायजे." म्हणजे मोटरसायकलीला शेजारी जोडलेली बैठक, साइडकार. तशी गाडी विकत घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिथून पुढं आप्पा भंगार धुंडाळत सुटले. एका जुन्या बुलेटचं इंजिन कोल्हापूरकडून आलं, चेसिस खानापूरच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून. साइडकारचं चाक रिक्षाचं, समोरचा दिवा ट्रॅक्टरचा, आणि काकूंसाठी सीट मोडीत निघालेल्या बसचं, खिडकीकडचं. गल्लीत कुणाची गाडी जरा खोकू लागली की आप्पा थांबून आपुलकीनं विचारत, "आणि किती दिवस चालंल म्हणता?" लोक त्यांना लांबून बघूनच गाड्या आत घ्यायला लागले.

बैठकीचा सांगाडा त्यांनी आधी लाकडात केला, अर्थातच. अस्सल सागवान, रंधा मारून गुळगुळीत. तो अंगणात ठेवला आणि काकूंना म्हणाले, "नुसतं बसून बघ. हलत न्हाय." काकू बसल्या. दुसऱ्या दिवसापासून लसूण सोलायची, शेंगा फोडायची त्यांची जागा तीच झाली. आप्पांचा जीव सुपाएवढा झाला. "लाकडाची हाय तवर बसते," काकू म्हणाल्या, "चाक लागलं की उतरणार." आप्पा रंधा मारत राहिले.

मग लोखंडी बैठक मोटरसायकलीला जोडायची वेळ आली आणि भोकं जुळेनात. बाहेरून आणलेला प्रत्येक भाग बरोबर मापाचा, आप्पांनी स्वतः कापलेला प्रत्येक पाइप थोडा मोठा. आप्पा त्या बिचाऱ्या चेसिसवर खेकसले, "ह्या गाडीचं लोखंड लई आकसलंय!" लाकडी बैठकीत बसून लसूण सोलणाऱ्या काकूंनी मान वर न करता विचारलं, "पट्टी फौंड्रीची हाय का घरची?" आप्पांनी हातातल्या पट्टीकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीच्या दप्तरातली पट्टी मागून नेली आणि सगळे पाइप नव्याने कापले.

गाडी तयार झाली, परवानगीच्या फेऱ्याही संपल्या. आप्पा रोज ती पुसून दारात लावायचे, काकू रोज तिला वळसा घालून भाजीला जायच्या. "बस" म्हणायचं धाडस आप्पांना होईना. एवढा खटाटोप करून ती नाहीच बसली तर काय, ही धास्ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायची. मग बोरगावला काकूंच्या भावाच्या नातीचं बारसं निघालं. त्या सकाळी काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या, स्टँडकडं न वळता थेट साइडकारमध्ये बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू मागनं ये स्कूटरवर. मी पडले तर उचलाय कोणतरी पायजे."

मी मागून निघालो. आप्पा रस्त्याकडं बघतच नव्हते. त्यांची मान डावीकडं, काकूंकडं. घडीघडीला बघायचे, हसायचे, परत बघायचे. हत्तरगीच्या अलीकडं गाडी पार कडेला उतरली, मागचा ट्रक कर्कश हॉर्न देत गेला. "थांबवा!" काकू ओरडल्या. आप्पांनी थांबवली. काकू उतरल्या. आप्पांचा चेहरा पार पडला. संपलं, आता या बस बघणार, असंच मला वाटलं.

काकूंनी पिशवी उचलून साइडकारच्या सीटवर नीट ठेवली. मग पदर खोचून त्या आप्पांच्या मागं बसल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मलाच बघत ऱ्हायलासा तर दोघंबी जाऊ. म्होरं बघा. मी हाय मागं."

आप्पांनी इंजिन चालू केलं, पण क्लच सोडेनात. "बसलीस का?"

"बसले."

"नीट?"

"बसले म्हणते की हो!"

त्यानंतर काही वर्षं ती जोडगाडी बोरगावला जात राहिली. साइडकारमध्ये गूळ, वांगी, कधी माहेरचं मांजर. मागं काकू. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवून आकाश डोक्यावर घेतलं, तरी "बसले" ऐकल्याशिवाय आप्पांनी गाडी कधी हलवली नाही.

शेवटच्या दुखण्यात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ते परत आले नाहीत. नेलं त्या दिवशी सकाळची वेळ होती, सगळी गल्ली दारात उभी. आम्ही त्यांना स्ट्रेचरवरून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं. काकू आत चढल्या आणि त्यांच्या उशाशी बसल्या, आप्पांना दिसणार नाहीत अशा बाजूला. ड्रायव्हर दार लावू लागला तसा आप्पांनी हात वर केला. आवाज जेमतेम फुटत होता.

"थांब रं. ती बसली का बघ."

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसले हो," त्या म्हणाल्या. "नीट बसले. चला आता."

आप्पांनी हात खाली घेतला, आणि मग ड्रायव्हरनं दार लावलं.