भाऊचा कान आणि रॉकेलचा ठोका

"बंद करा भाऊ, इंजिन फुटी जाई!"

जामनेरकडच्या केळीच्या मळ्यात मळ्याचे मालक, म्हातारे आबा, विहिरीच्या काठावरून ओरडत होते. त्यांचं डिझेल इंजिन असं काही ठोकत होतं की विहिरीतली कासवं बिऱ्हाड आवरून निघाली असतील. चार हातांवर माझा थोरला भाऊ मान तिरपी करून उभा. टायमिंग त्यानंच नुकतं लावलं होतं. डोळे मिटून म्हणाला, "गोड चालतंय."

मी हसलो. थट्टाच वाटली मला. धुळ्यात हायवेवर चहा पिताना एरंडोलचं इंजिन शिंकलं तरी कप खाली ठेवणारा माणूस तो! निदान मी तरी गावोगाव तसं सांगायचो, आणि लोक मानायचे. सिलिंडरात डिझेल कधी फवारायचं हे चाकावरची खूण बघून ठरवणाऱ्यांना तो विचारायचा, तुम्हाला भूकही घड्याळ बघून लागते का रे?

पण त्या दिवशी त्यानं खूण बघूनच लावलं होतं. मागची दोन वर्षं तो तसंच लावत आला होता. मी शेजारी फवाऱ्याची नॉझल धूत बढाया मारत होतो, एवढंच.

शुद्ध डिझेलला खूण पुरते. त्या साली डिझेलची टंचाई होती आणि आबांनी टाकीत निम्मं रॉकेल ओतलं होतं. अशी भेसळ पेट घ्यायला वेळ लावते आणि मग सगळी एकदम भडकते. पिस्टनवर घण बसतो. फवारा जरा उशिरा सोडावा तर ठोका मऊ पडतो, फार उशिरा सोडला तर काळा धूर. मधली जागा कानालाच सापडते.

मी इंजिन बंद केलं. भाऊनं डोळे उघडले ते आवाज थांबला म्हणून नाही. पायाखालची जमीन हलायची थांबली म्हणून.

आबांना मी रॉकेलवरून इतकं झापलं की बिचारे माझ्यासाठीच पाणी आणायला गेले. मग फवारा उशिरा सुटावा म्हणून डिझेलच्या पंपाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या वाढवल्या, इंजिन पुन्हा चालवलं, फार झालं तशी एकेक काढत आलो. भाऊच्या देखत त्यानं लावलेल्या पंपाला मी पहिल्यांदाच हात लावला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, धुराकडे बघत होता. काळा, करडा, मग जवळजवळ नाहीच. ठोका मऊ झाला. ऐकू आलं ते मला एकट्याला.

परतीच्या एसटीत त्याच्याकडे तोंड करून, ओठ मोठे हलवत मी म्हणालो, "तुझा काही दोष नाही. रॉकेलच फार होतं."

माझे ओठ थांबेपर्यंत तो बघत राहिला.

"उद्यापासून टायमिंग तू लाव," तो म्हणाला. "मी नॉझल धुईन."