पुढे कललेली डोलकाठी

देवराव गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला. मी भिलाईत नेहरू नगरच्या घरी सकाळचा चहा घेत होतो. "अंकल, बाबा नहीं रहे," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, मले यायचं होतं त्याच्याकडे..." मुलाला त्यातलं काय कळणार? दोन वर्षं मी यायचंच म्हणत होतो.

देवराव स्टील प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये होता. लोखंड ओतण्याआधी वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो. ते करणाऱ्यांत त्याचा हात सगळ्यांत तरबेज. मी तिथेच तपासणीचा अधिकारी. म्हणजे त्याने घडवायचं आणि मी चुका काढायच्या, अशी आमची वर्षानुवर्षांची दोस्ती. माणूस अबोल, तंबाखू मळताना तेवढा खुलायचा. एकदा भाचीच्या लग्नाला कोकणात गेला. वऱ्हाड परतलं तरी हा पठ्ठ्या खाडीवर जहाजं बांधणाऱ्या सुतारांजवळ आठ दिवस बसून राहिला. लग्न भाचीचं आणि नाद लागला मामाला, असं आम्ही चिडवायचो. मग कॅम्प-१मधल्या घराच्या ओसरीवर दीड वर्ष खपून त्याने हातभर लांबीचं गलबत केलं. मीठ, तांदूळ, नारळ भरून, वाऱ्याचा अंदाज घेत पार अरबस्तानापर्यंत जायचं ते जुन्या काळचं छोटं शिडाचं जहाज. फळी न् फळी सागाची, शीड वहिनींच्या जुन्या पातळाचं.

आमच्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात ते मांडायचं मीच ठरवलं. पाहुणे यायला तासभर होता. बघतो तर डोलकाठी सरळ नाही, चांगली पुढे झुकलेली! मी सरळपणा बघायचा ओळंबा मागवला.

"देवराव, तुही काठी वाकडी बसली."

"सायेब, ते तशीच राह्यते. पुढंच कलते."

"खांब कधी तिरपा असते का? लोकं हसतीन तुले."

मी एक सागाची ढलपी तासून पाचर केली आणि काठीच्या बुडाशी ठोकली. काठी ओळंब्यात आली. चारचौघांत, त्याच्या मुलादेखत. साहेबापुढे उलट बोलायची देवरावला सवय नव्हती आणि मला ऐकून घ्यायची. समुद्र तो पाहून आला होता, मी नव्हतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. प्रदर्शन संपल्यावर गलबत टॉवेलात गुंडाळून तो घरी गेला. दुसरं करायचं म्हणत होता, ते त्याने पुन्हा कधी काढलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाबरोबर मी रत्नागिरीकडे गेलो. खाडीकाठी एक जुनं गलबत चिखलात उभं होतं आणि त्याची डोलकाठी पुढे कललेली. शेजारी बसलेल्या, गलबतं हाकलेल्या म्हाताऱ्या तांडेलाला मी विचारलं, तर तो हसायलाच लागला. "वारा बदलला की शीड काठीच्या पुढून फिरवतात. काठी सरळ असली तर फिरवणार कुठून?" मला माझी पाचर आठवली... भिलाईला परतल्यावर पहिलं देवरावकडे जायचं, असं ठरवलं. स्कूटरवर वीस मिनिटांचा रस्ता. पण जायचं म्हणजे चुकलो म्हणायचं, आणि ते शब्द काही जमेनात. आज ऊन आहे, उद्या गुडघा दुखतो, असं करत मी माणूसच घालवला. लाज वाटते लिहिताना.

तेरवीनंतर गेलो. गलबत कपाटावर होतं, काठी माझ्या ओळंब्यात ताठ उभी. मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी किती डाव म्हटलं, काढून टाका ते पाचर. तर म्हणत, राहू दे. सायबानं ठोकली, सायेबच काढतीन. येतीन एक दिवस."

मी नखाने ओढली, तर अलगद निघाली. देवरावने डिंकाचा थेंबही लावला नव्हता. काठी हळूच पुढे कलली आणि आपल्या जागी बसली. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

पाचर मी वहिनींकडून मागून आणली. ती माझ्या चष्म्याच्या घरात असते. वाचायला बसलो की चष्म्याआधी तीच बोटाला लागते.