अक्का, दादांना सांगा

फोन आला तेव्हा माझ्या गॅसवर मटण शिजत होतं. रविवार होता, लेक आणि सून सेलूहून आलेले होते, आणि माझे मालक, घरधनी, ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंत म्हणजे काय, आमच्या दोन घरांमधली कमरेएवढी, वरून सपाट. दुपारची पॅसेंजर चुडाव्याच्या स्टेशनातून सुटली की त्या भिंतीवर एक झाकलेली वाटी येऊन बसायची. आठवडाभर ती आली नव्हती, कारण वाटी पाठवणारी नांदेडला दवाखान्यात होती. सुमन, माझी धाकटी जाऊ. पहाटे फिरायला म्हणून निघाली आणि अंगणातच खाली बसली, ती परत उठली नाही. फोन विजयचा होता, तिच्या लेकाचा. "मोठी माय, माय गेली..." एवढंच म्हणाला. मी आधी गॅस बंद केला, मग मालकांना सांगितलं. त्यांनी भिंतीवरची नजर काढली नाही. त्या दिवशी मटणाला कोणी हात लावला नाही. आणि खरं सांगते, त्या घडीलाही माझ्या मनात येऊन गेलं, की बघ, जाता जाताही हिनं माझं पातेलं तसंच झाकून ठेवायला लावलं.

आमच्या भावकीत माझ्या हातच्या मटणाचं नाव होतं. काळा मसाला मी घरी कुटायची, खोबरं चुलीत भाजायची. कोणाच्या घरी पोरगं नोकरीला लागलं की आधी मला बोलावणं यायचं, मग बकरं बघायला माणूस जायचा. सुमन जिंतूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिची भाकरी तव्यावर फुटायची. भाकरी तिला मी शिकवली, फोडणी मी शिकवली. खायलाही ती माझ्यासारखीच होती, नळी अशी चोखायची की आमचा कुत्रा तिच्या ताटाकडं बघून निघून जायचा. धाकटे भाऊजी, तिचे मालक, अचानक छातीत कळ येऊन गेले, तेव्हा विजय कॉलेजात होता. त्यानंतर ती आणि मी, मधी ती भिंत, असाच आमचा संसार चालला.

आमच्यात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात आणि बऱ्याच घरांत मांसमच्छी बंद असते. मीही पाळते. पण वर्षावास संपला की सगळ्या वस्तीत मसाल्याचा वास सुटतो. एका वर्षी सगळ्यांची पातेली चढली, तिचं चढलं नाही. मी रश्श्याची वाटी घेऊन भिंतीपाशी गेले, तर म्हणाली, "अक्का, मला आता नको वाटायलंय. अंग हलकं वाटायलंय, गुडघंबी दुखंना झालेत. असंच चालू देती."

"किती दिस?"

"बघू की."

मी वाटी घेऊन परत आले. आता तुम्ही म्हणाल, एवढ्यात काय झालं. पण आमच्याकडं शेजारची वाटी रिकामी परत करत नसतात. तिच्या पालेभाजीच्या वाट्या यायला लागल्या, तिच्या वाटीत मी काय घालू? जे मला लोकांपेक्षा चांगलं जमत होतं, तेच हिनं खाणं सोडलं. एकदा हट्टानं मसाल्याचं वांगं करून पाठवलं, पण वाटण त्याच पाट्यावर वाटलं होतं ज्यावर आदल्या दिवशी सुकट वाटली होती. थोड्या वेळानं ती भिंतीपाशी येऊन उभी राहिली. "अक्का, हे वांगं समुद्र बघून आलं का काय?" सून पदर तोंडाला लावून हसली. मी हसले नाही.

तोवरही ठीक होतं. पण मालकांना शुगर निघाली. डॉक्टरांनी भात कमी करा, तेलकट सोडा, पालेभाजी-भाकरी खा, चाला, सगळं सांगितलं. घरी आल्यावर मी तेच सांगितलं, एकदा नाही, उठता-बसता. मालक रेल्वेत नोकरी केलेले, हुकूम द्यायची सवय असलेले. "तुला काय कळायलंय डॉक्टरकीतलं," म्हणायचे आणि भाताचा डोंगर करायचे. एके दिवशी भिंतीवर दोन वाट्या आल्या. एकीत करडईची भाजी, लसणाची फोडणी, तेल नावाला. दुसरीत मोड आलेले मूग. आणि पलीकडून आवाज, "अक्का, दादांना सांगा, आज भात अर्धाच घ्या म्हणावं."

इथं आमच्या घरची एक रीत सांगते. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नाही. आता हे कोणी पाळत नाही, माझी सून तर मोबाइल कसा लावायचा हे सासऱ्याच्या शेजारी बसून शिकवते. सुमननं मात्र पाळलं, शेवटपर्यंत. म्हणजे ती भिंतीपलीकडं उभी, मालक ओट्यावर हातभर अंतरावर, दोन्ही कान शाबूत, आणि मधी मी.

"ऐकलं का? भात अर्धा घ्या म्हणती."

"तिला सांग, घेतो म्हणावं."

"सुमन, घेतो म्हणतेत."

"अन् जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका म्हणावं."

"आडवं होऊ नका म्हणती."

"तिला सांग, बरं म्हणावं."

आणि खरंच घ्यायचे अर्धा. खरंच बसून राहायचे. तेच शब्द, माझ्याच तोंडातून निघालेले, पण मी माझे म्हणून बोलले की वारा, आणि तिचे म्हणून बोलले की औषध. भलतं काही माझ्या मनात कधी आलं नाही, तसलं काही नव्हतंच. ती पहाटे स्टेशनाकडं चालायला जायची, हे कॅनॉलकडं, एका वाटेनं जाणं रीतीत बसत नव्हतं. पण निघायची वेळ एकच. मी ओट्यावर चहाची कपबशी घेऊन दोन दिशांना जाणाऱ्या दोन पाठी बघत बसायची. भलतं काही नसलं म्हणून जळत नाही असं थोडंच असतं... भलतं असतं तर भांडता तरी आलं असतं. करडईच्या भाजीशी काय भांडणार?

शुगर उतरली. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, घरात चांगलं लक्ष दिसतंय. मी काही म्हणायच्या आत मालक म्हणाले, "घरात न्हाई, भिंतीपलीकडं." परतताना बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले.

त्याच संध्याकाळी मी भिंतीपाशी जाऊन तिला म्हणाले, "बाई, तूच घेऊन जा त्यांना, ताटासकट." वाटलं होतं हसेल. हसली नाही. भिंतीवर हात टेकून उभी राहिली. म्हणाली, "अक्का, रविवारी तुमच्या मटणाचा वास सुटला की मी दाराला कडी लावून घेती. लय जीव जातो. मग आमच्या मालकांची आठवण येती. त्यांना बी मी सांगायची, एवढं तेलकट खाऊ नका, तंबाखू सोडा. कवा ऐकलं न्हाई माझं. दादा तरी ऐकतेत." आणि आत निघून गेली. म्हणजे तिचं तिच्या मालकानं ऐकलं नाही आणि माझं माझ्या. ऐकणारा काय तो एकच, आणि तो माझा. मला तिची दया यायला पाहिजे होती. आली. पण जळणं काही गेलं नाही, दोन्ही एकाच चुलीवर शिजत राहिलं.

सुमन गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिची आठवण काढायला, मांडव भरून माणसं आली. जो उभा राहिला तो सुमनच्या राहणीचंच बोलला, चालायला कोणाला शिकवलं, चहातली साखर कोणाची सोडवली. जेवणाच्या पंगतीत एक लांबची नणंद म्हणाली, "एवढं पथ्य पाळून काय झालं? ती गेली, आमी खाणारे हाईतच की." मी सुमनला काहीही बोलायची, मी जाऊ होते, तो माझा हक्क. हिचा काय संबंध? मी म्हणाले, "पडेपर्यंत ती स्वतःच्या पायानं चालली. तू आधी ओटा चढून दाखव." नणंदेनं बुंदी घेतली नाही मग.

त्यानंतर मालकांनी सगळं सोडलं. म्हणजे पथ्य सोडलं. स्टेशनासमोरच्या हॉटेलात जिलेबी खायला लागले, आणि एका रविवारी आपण होऊन म्हणाले, "मटण कर." कितीतरी वर्षांनी म्हणाले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी जीव ओतून केलं. ते जेवले, पण रस्सा भाकरीवर ओतला आणि नुसतं गिळलं, चवीनं एक घास नाही. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली होती, ती भरंना झाली. डॉक्टरांनी यावेळी माझ्याकडं बघितलंही नाही, कागदावर बघत म्हणाले, असंच चाललं तर अंगठा ठेवता येणार नाही. मी रोज पालेभाजी करायला लागले. तांदुळजा, शेपू, हरभऱ्याची. वाटी पुढं केली की बाजूला सारायचे. "भात अर्धा घ्या," म्हटलं की म्हणायचे, "ऐकलं."

सुमनच्या अंगणाची किल्ली विजयनं माझ्याकडं ठेवलीय, झाडांना पाणी घालायला. तिनं पेरलेली करडई कोवळी होऊन वर आली होती. मी खुडली, तिच्यासारखी लसूण घालून केली, आणि तिचीच एक वाटी माझ्याकडं राहून गेली होती, बुडाशी तिचं नाव कोरलेली, तिच्यात काढली. पॅसेंजर सुटली. ओट्यावर मालक बसलेले. वाटी त्यांच्या हातात न देता मी भिंतीवर नेऊन ठेवली आणि तिथूनच म्हणाले, "अहो, सुमन म्हणती, भात अर्धाच घ्या."

मालकांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं.

"तिला सांग... घेतो म्हणावं."

मी भिंतीकडं वळले. पलीकडं रिकामं अंगण, दोरीवर विसरलेलं एक फडकं. "सुमन, घेतो म्हणतेत," मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य यायची वाट बघत उभी राहिले. आलं नाही, तेव्हा तेही मीच म्हणाले, तिच्या नावानं, जेवल्यावर आडवं होऊ नका म्हणून.

आता रोज असंच चालतं. अंगठा भरत आलाय. परवा विजय आला होता, त्याला मालक पाय दाखवून म्हणाले, "तुझ्या मायमुळं वाचला बघ." मी आत भाकरी थापत होते, ती जरा जोरात थापली गेली. मग वाटी घासली, पुसली, आणि उद्यासाठी भिंतीवर पालथी घालून आले.