परतीचं तिकीट तेवढं पक्कं

माझ्याकडे प्रवासाचे फोटो जवळजवळ नाहीतच. कॅमेरा पहिल्याच खेपेला एका बसमध्ये राहिला. किस्से मात्र ढीगभर! एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याच्या शेपटीला धरून बाहेर येतो. अंबडच्या कारखान्यात मी ड्रॉइंग सेक्शनला होते, तिथल्या कॅन्टीनमध्ये हे किस्से इतक्यांदा सांगितलेत, की नवीन लागलेली पोरंसुद्धा मला विचारायची, "मॅडम, तो लासलगाववाला सांगा ना!"

सांगते. पण आधी पासपोर्ट.

* * *

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बत्तीस वर्षांची, बिनलग्नाची. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. वडील गेलेले, घरात आई, दादा आणि मी. चौकशीसाठी एक हवालदार घरी आले. आईनं चहा दिला.

"परदेशात कोणासोबत जाणार?"

"एकटीच."

"नोकरीसाठी?"

"नाही."

"नातेवाईक आहेत तिकडे?"

"कोणी नाही."

हवालदारांनी कप खाली ठेवला. "मग जाताय कशाला?"

"बघायला."

ते बिचारे गोंधळून आईकडे बघायला लागले. आई झेंडूच्या पाट्या रचत होती. तिथूनच म्हणाली, "इतकी वर्सं लोक हिला बघाया यायचे. आता ही बघाया चाललीय. लिवा तसं!"

* * *

तिकीट काढायला शहरातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडे गेले. त्याला माझं म्हणणं कळेचना. जाण्याचं तिकीट आणि परतीचं तिकीट, मधलं काही नको.

"पण मॅडम, पहिल्या रात्री कुठे उतरणार?"

"गेल्यावर बघेन."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी ठरवेन."

त्यानं रंगीत पत्रक पुढे सरकवलं. "त्यापेक्षा आमच्या ग्रुपबरोबर जा. लेडीज सेफ. शिवाय रोज वरणभात!"

म्हटलं, "वरणभात सोडून कुठे जाता येईल का, तेच बघायला निघालेय हो मी."

* * *

बँकॉकच्या विमानतळावर अडकलेच. कार्डावर राहण्याचा पत्ता लिहायचा होता. मी रिकामा सोडला. खिडकीतल्या ऑफिसरनं बोट ठेवून विचारलं, "हॉटेल?"

माझ्या मागे टोप्या घातलेला मराठी ग्रुप उभा. त्यांचा टूर मॅनेजर कानाशी कुजबुजला, "ताई, आमच्या हॉटेलचं नाव टाका. वाद नको."

मी म्हटलं, "खोटं कशाला?" आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत ऑफिसरला सांगितलं, "मला स्वस्त, स्वच्छ खोली हवी आहे. हे शहर तुमचं आहे. तुम्हीच सांगा."

परत पाठवलं असतं तर दादानं गावभर पेढे वाटले असते. ऑफिसरनं माझ्याकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं. मग हसला, माझं पेन घेतलं आणि पत्ता स्वतःच लिहिला.

त्याच्या मावशीचं गेस्टहाऊस होतं! मावशीनं पहिल्याच दिवशी मला काय विचारलं असेल? "लग्न का नाही केलंस?"

* * *

तिथला फुलबाजार बघायला गेले. झेंडूच्या राशी बघून हात शिवशिवायला लागले. एक बाई सुईनं हार ओवत होती. मी शेजारी बसून तिची दुसरी सुई उचलली. तिनं आधी माझ्या हातावर चापट मारली. मी ओवायला लागल्यावर जरा वेळ बघितलं आणि सरकून मला जागा दिली. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, पण कळ्या आणि फुलं वेगळी करताना दोघींचे हात सारखेच चालत होते. सकाळभर बसले तिथे. इतकं बरं मला देवळातही कधी वाटलं नव्हतं.

मध्येच समोरून दोन मराठी बायका आल्या. एक दुसरीला म्हणाली, "अगं, ही थाई बाई बघ ना, अगदी आपल्यासारखी दिसते!"

मी मान वर न करता म्हटलं, "दिसणारच. मखमलाबादची आहे!"

* * *

आता लासलगाव. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, शेजारच्या काकूंकडे निरोप द्यायचा. बँकॉकमध्ये कोणीतरी म्हणालं, लाओस छान आहे. मी व्हिसा काढला आणि बसमध्ये बसले. तिथे पोहोचल्यावर बूथवरून काकूंना फोन लावला. खरखर इतकी, की मी ओरडून सांगितलं, "काकू, मी लाओसला आहे! लाओस!"

काकूंनी दादाला निरोप दिला, "शोभा लासलगावला आहे."

दादा संतापला. बहीण परदेशाच्या थापा मारून वीस कोसांच्या आत लपून बसली! तसाच मोटरसायकलवर बसला, लासलगावला आमच्या मावशीच्या दारात जाऊन गरजला, "बाहेर काढ तिला!" मावशीनं भीतीनं सगळं घर उघडून दाखवलं, अगदी कांद्याची चाळसुद्धा.

रात्री हात हलवत परत आला. आई म्हणाली, "एवढा गेलाच व्हतास, तर कांदं तरी आणायचे."

* * *

मग एक स्थळ आलं. मुलगा विधुर, इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट. त्याच्या काकांनी पोहे खाता खाता सांगितलं, "फिरायला आमची हरकत नाही. पण यापुढे एकटीनं नाही."

मी मुलाला विचारलं, "तुम्हाला कुठे जायला आवडेल?"

त्यानं काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "त्याला घरीच बरं वाटतं."

"वा!" मी म्हटलं. "मग जमलंच की. हे घर सांभाळतील, मी जाऊन येत जाईन."

काका अर्धे पोहे टाकून उठले. दादा दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी मीही माझी बशी तशीच सरकवून ठेवली. फ्लॅटवाला तसा वाईट नव्हता. आई माझ्यापाशी येऊन बसली, काकांची बशी पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "पोहे लय भारी झाले व्हते गं. त्यालाच चव नाय."

* * *

पुढे काही वर्षांनी आई म्हणाली, "अवंदा मलाबी ने." दादा ओरडला, "या वयात?" आईनं विचारलं, "मंग कोणत्या? तूच सांग."

तर आम्ही मायलेकी थायलंडच्या उत्तरेला, चिआंग माईला. सकाळी मी नकाशा पसरून आईला म्हटलं, "आज आपण आधी देऊळ बघू, मग..."

आई नऊवारी नेसून, पिशवी घेऊन दारात उभी. "तू जा देवळात. मी एकटीच जाऊन येते."

"अगं, कुठे? तुला भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही!"

"तुला येत व्हती?"

आणि गेली! मी देवळात कसली जातेय? दिवसभर गेस्टहाऊसच्या पायरीवर बसून राहिले. नखं खाल्ली. दादाला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात. ऊन उतरायला लागलं तशी मालकाला म्हणाले, "पोलिसांकडे चला."

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक स्कूटर आली. चालवणारी आईच्याच वयाची एक थाई बाई, मागे आई, नऊवारीचा काष्टा सावरत. दोघी खिदळत होत्या. आई उतरली, त्या बाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आईनं तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. बाई हॉर्न वाजवत निघून गेली.

मला रडूच फुटलं. "कुठे होतीस? कोण होती ती?"

"मैत्रीण."

"नाव काय तिचं?"

"नाय इचारलं," आई म्हणाली आणि चपला काढायला लागली. "उद्या सकाळी येणारे घ्यायला. तू तुझं देऊळ बघून घे."